बांधावरच्या बाभळीचा लाइव्ह एज टीपॉय : खोडापासून सुरुवात करायलोय, मार्गदर्शन हवं

बांधावरचा (१२ जून २०२२)

नमस्कार मंडळी. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठाला. मे सरता सरता वळवाचं वादळ झालं आणि विहिरीजवळच्या बांधावरची बाभूळ मुळासकट आडवी पडली. ही कुणी लावलेली नव्हती. आपोआप उगवली, आजोबांनी राखली. वखराची दिंड, कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या चाकाचे आरे, सगळं तिच्याच फांद्यांचं. शेळ्यांना तिच्या शेंगा आणि आमच्या तीन पिढ्यांची न्याहारी तिच्या सावलीत.

दुसऱ्याच दिवशी दोघंजण जळणाच्या भावात मागायला आले. वडील देऊन टाकू म्हणाले, मी थांबवलं. बुंध्याचा घेर साडेपाच फूट भरला. पहिल्या फाट्यापर्यंत सात फूट सरळ खोड निघतंय. शेंड्याकडचा तुकडा कापून बघितला तर आत तांबूस गाभा आणि सालीखाली दोन बोटं पांढरं लाकूड.

मला यातून बैठकीत ठेवायला एक टीपॉय करायचाय. फळीच्या दोन्ही लांब कडा करवतीनं सरळ न करता झाडाला होत्या तशाच ठेवायच्या, ज्याला लाइव्ह एज म्हणतात. चुलत्यांची करवत, पटाशी, रंधा घरात आहे. हात थोडा बसलेला आहे, पण खोडापासून फळी कधी केली नाही. फळ्या किती जाड पाडू? वाळवू कशा? आणि बाभळीचं असं काही करतात का? आरा मशीनवाला म्हणतोय, बाभळीचा टेबल कोण करतं, सागवान घ्या.

रंधा_पटाशी (१२ जून २०२२)

बाकी सगळं नंतर. आज अंधार पडायच्या आत खोडाची दोन्ही तोंडं बंद करा. घरात उरलेला ऑइल पेंट असेल तर त्याचे दोन हात, नसेल तर मेण वितळवून लावा. लाकडातलं पाणी उभ्या शिरांमधून धावतं, त्यामुळं तोंडाकडून ते बाजूपेक्षा कितीतरी लवकर उडतं. तोंड आकसायला लागतं, आतलं लाकूड मात्र ओलं, फुगलेलं. या ओढाताणीत चीर पडते आणि ती फूटभर आत शिरते. झाड पडून पंधरा दिवस झालेत, म्हणजे सुरुवात झाली असणारच. तेवढी चकती कापून टाका आणि ताज्या तोंडाला रंग द्या.

फळी सव्वादोन इंची पाडा. वाळताना थोडी आकसेल, थोडी वाकेल, आणि दोन्ही बाजू सपाट करताना तीन-चार सूत जातील. (नव्या मंडळींसाठी : आठ सूत म्हणजे एक इंच.) पावणेदोन इंच हातात राहिली तर टीपॉयला भरपूर झाली.

मशीनवर स्वतः उभे राहा. खोडाचा मधला बिंदू, जिथून झाड वाढायला लागलं, तो सगळा एकाच फळीत येईल असं खोड लावून घ्या. ती फळी मधोमध फाटणार, ते टळत नाही. तिचे पुढं पाय करता येतील. बिंदू दोन फळ्यांत वाटला गेला तर दोन्ही जातील.

मी नांदेड भागात तीस वर्षं सुतारकाम करतोय. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे हे सगळं बाभळीचं असायचं. खडकाळ रस्त्यावर ओझं घेऊन वर्षानुवर्षं फिरलेलं लाकूड आहे ते. त्याच्या ताकदीबद्दल मनात शंका ठेवू नका.

बालाघाटी (१३ जून २०२२)

आमच्या बीडच्या डोंगरपट्ट्यात जुने लोक बाभळीचा ओंडका तोडला की तळ्यात नाहीतर विहिरीत दगड बांधून बुडवायचे. सहा महिने, कधी वर्षभर. पाणी काळं व्हायचं, वास सुटायचा. पण त्या लाकडाच्या औताला किडा लागलेला मी पाहिला नाही. तुमची विहीर तर शेजारीच आहे.

रंधा_पटाशी (१३ जून २०२२)

बालाघाटी आबा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे, आणि त्यामागं कारणही आहे. सालीखालच्या पांढऱ्या लाकडात झाडानं साठवलेलं पिठूळ असतं. लाकूड पोखरणारा बारीक किडा त्यासाठीच येतो. लाकूड महिनोन्‌महिने पाण्यात राहिलं की ते पिठूळ कुजून, विरघळून निघून जातं. किड्याला खायला काही उरत नाही.

अडचण एवढीच की पिण्याच्या किंवा जनावरांच्या पाण्याच्या विहिरीत हे करता येणार नाही. सात फुटी ओला ओंडका विहिरीत सोडणं आणि बाहेर काढणं हेही चार माणसांचं काम आहे.

माईची_ओसरी (१३ जून २०२२)

दादा, विहीर नको असेल तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. परभणीला आमच्या घरी कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या फळ्यांवर केलंय, सात वर्षं झाली, एक भोक नाही. वजनानं सहा भाग बोरॅक्स, चार भाग बोरिक ॲसिड, दोन्ही मिळून दहा लिटर गरम पाण्यात एक किलो. फळ्या ओल्या असतानाच, मशीनवरून आल्या त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, सगळ्या बाजूंनी दोन-तीन वेळा भिजवून घ्यायच्या. मग एकावर एक रचून ताडपत्रीत घट्ट गुंडाळून तीन-चार आठवडे ठेवायच्या. लाकडातल्या पाण्यातूनच औषध आत उतरतं. वाळलेल्या फळीवर लावलं तर ते वरच राहतं, म्हणून उशीर करू नका. हातमोजे घाला, लेकरं आणि जनावरं लांब ठेवा.

किडा लागणारं लाकूड म्हणजे नेमकी कडेची पांढरी पट्टी, आणि लाइव्ह एजमध्ये आपल्याला जपायची असते तीच.

सातबारा (१४ जून २०२२)

एक कागदाची गोष्ट. झाडं तोडण्याबाबत महाराष्ट्राचा १९६४चा कायदा आहे, त्याच्या मूळ यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, अंजन, फणस, खैर, चंदन अशी झाडं आहेत. बाभूळ आणि कडुलिंब त्यात नाहीत. आंब्याचं किंवा चिंचेचं खोड असेल तर आधी परवानगी. शहरात राहत असाल तर १९७५चा वेगळा कायदा लागतो, तिथं घरामागचा लिंबही विचारल्याशिवाय तोडता येत नाही. बांधावरचा भाऊ, तुमची बाभूळ वादळानं पडलेली आहे, तरी खोड ट्रॅक्टरवर घालण्याआधी पडलेल्या झाडाचे फोटो काढा, तलाठ्याच्या कानावर घाला आणि सातबाऱ्याचा उतारा जवळ ठेवा. वाटेत कुणी अडवलं तर उपयोगी पडतं.

बांधावरचा (९ जुलै २०२२)

मंडळी, फळ्या आल्या. सात फुटातले दोन्हीकडचे पाऊण-पाऊण फूट चिरांमुळं गेले, साडेपाच फूट उरलं. पाच फळ्या निघाल्या. तलाठी आप्पांना सांगितलं होतं, फोटोही काढले.

पहिली फळी मशीनवरून उतरली तेव्हाचा रंग मला नीट सांगता येणार नाही. ओला गाभा पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा, मध्ये गडद रेघा, आणि दोन्ही कडांना लोण्यासारखं पांढरं. वडील सोबत होते. त्यांनी फळीवर हात फिरवला, एका काळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं दावं बांधायचो. खिळा मारला होता मी." खरंच, मशीनवाल्यानं पुढं तपासलं तर आत खिळा निघाला. करवतीचा पट्टा तुटायचा वाचला.

माईताई, तुमचं औषध त्याच संध्याकाळी लावलं. आता ताडपत्रीत आहेत.

रंधा_पटाशी (९ जुलै २०२२)

त्या खिळ्याभोवतीचा काळा डाग जपून ठेवा. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, तिची साल कातडं कमवायला वापरायचे ती त्यामुळंच. टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो. म्हणूनच सांगतो, ओल्या फळीवर लोखंडी तार, खिळा, विळा ठेवू नका. नको तिथं डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं फिका होतो.

ताडपत्री काढल्यावर फळ्या रचायच्या कशा : खाली विटांवर सारख्या उंचीच्या तीन-चार लाकडी आडण्या, स्पिरिट लेव्हलनं नाही तर निदान पाण्याच्या नळीनं पातळीत. प्रत्येक फळीच्या मध्ये पाऊण इंची कोरड्या पट्ट्या, दीड फुटावर एक, आणि सगळ्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत. वरून दगड ठेवून वजन द्या. तळाची फळी वाकडी टेकली तर सगळी चळत तशीच वाकडी वाळेल.

बांधावरचा (११ जुलै २०२२)

जागा कुठली चांगली? पत्र्याचं शेड आहे आणि जुना माळवदाचा वाडा आहे. वाड्यात आता कुणी राहत नाही.

माईची_ओसरी (११ जुलै २०२२)

वाडा. विचारच करू नका. आपल्याकडं मार्च ते मे पत्र्याखाली भट्टी होते, कोरडं वारं फळीचा वरचा थर चटकन वाळवतं आणि बारीक चिरा पडतात. माळवदाखाली मातीच्या जाड छतामुळं दुपारीही गारवा असतो. ढाळजेत (दाराजवळच्या ओसरीत) ठेवा, म्हणजे वारा लागेल पण ऊन नाही. उन्हाळ्यात वरून बारदाना टाका.

गोदाकाठ (१७ जुलै २०२२)

धागा मन लावून वाचायलोय. टीपॉय या शब्दाबद्दल थोडं. त्याचा चहाशी मुळात संबंध नाही, तो तीन पायांवरून आलाय. आपली तिवई तीच. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढं त्याला चहा चिकटला.

लाइव्ह एज नव्या फॅशनमधलं वाटतं, पण जॉर्ज नाकाशिमा या अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या कारागिराचं नाव या पद्धतीशी जोडलेलं आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध होता. १९३०च्या दशकाच्या शेवटी तो पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या इमारतीच्या कामावर होता. पुढं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, तिथं एका जपानी सुताराकडून तो हातकाम शिकला. फळीतली चीर तो लपवायचा नाही. तिच्यावर आडवा लाकडी डमरू (दोन्ही टोकांना रुंद, मध्ये निमुळता तुकडा) बसवायचा, चीर तिथंच थांबायची आणि दिसायचीही.

सिडको_कारागीर (१८ जुलै २०२२)

मी संभाजीनगरला रेझिनची (दोन द्रव मिसळून ओतायचं, मग काचेसारखं घट्ट होणारं रसायन) कामं करतो. दादा, दोन फळ्या समोरासमोर ठेवून मधे निळं रेझिन ओतलं तर गोदावरी दिसेल! सध्या मागणीही त्यालाच आहे. पैठणहून वाहते तशी वळणं देता येतील.

रंधा_पटाशी (१९ जुलै २०२२)

भाऊ, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण या लाकडाला ते नको असं माझं ठाम मत आहे. आपल्या हवेत लाकूड वर्षभर हलतं. मेमध्ये घरातलं लाकूड पाच-सहा टक्के ओलीपर्यंत उतरतं, ऑगस्टमध्ये चौदा-पंधरापर्यंत चढतं. वीस इंच रुंद फळी तेवढ्यात दोन-तीन सूत आत-बाहेर होते. रेझिन तसं हलत नाही. मग सांधा सुटतो नाहीतर लाकूड फाटतं. शिवाय पाच फळ्यांतल्या दोन त्यात जातील.

सिडको_कारागीर (१९ जुलै २०२२)

मान्य, काका. रुंद ओतकामात हा त्रास होतो, मी भोगलाय. गाठींची भोकं आणि खिळ्याचा खड्डा भरायला तरी पारदर्शक किंवा काळं रेझिन वापरा. त्यासाठी दोन गोष्टी. लाकडाची ओल बारा टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर ते धरत नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी कधीही मिसळू नका. चाळीस अंशात ते भांड्यातच तापून धूर सोडतं. पहाटे, थोडं थोडं, पातळ थरांत.

बांधावरचा (२३ ऑक्टोबर २०२२)

दोन बातम्या. एक वाईट. सगळ्यात वरच्या फळीच्या तोंडाला मी रंगाचा दुसरा हात द्यायचा राहिलो होतो. तिथून चौदा इंचांची चीर आत गेलीय. नेमकी हीच फळी सगळ्यात देखणी, खिळ्याचा डाग हिच्यातच आहे. खूप वाईट वाटलं.

दुसरी, किडा अजून तरी नाही. पण आणखी एक फळी आहे, बुंध्याकडची, ती मशीनवर मागं राहिली होती आणि तिला औषध लावलं नव्हतं. तिच्या कडेला पांढरं पीठ पडायलंय. औषध लावलेल्या आणि न लावलेल्या फळीतला फरक डोळ्यांनी दिसतोय.

द्राक्षबाग (२४ ऑक्टोबर २०२२)

ती फळी वेगळी काढा, आजच. आम्ही धाराशिवकडून द्राक्षं बाहेर पाठवतो, लाकडी पॅलेटवर (खोकी रचायच्या चौकटीवर) उष्णतेचा शिक्का लागतो. नियम असा की लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, म्हणजे आतली अळी मरते. तुमची फळी जवळच्या ट्रीटमेंटवाल्याकडं त्यांच्या पॅलेटसोबत टाकता आली तर बघा. मात्र उष्णता आतली अळी मारते, पुढच्या किड्याला अडवत नाही. नंतर पृष्ठभाग तेलानं किंवा पॉलिशनं बंद करावाच लागतो.

बालाघाटी (२४ ऑक्टोबर २०२२)

चीर पडली म्हणून फळी टाकू नका लेकरा. डमरू बसवा.

बांधावरचा (४ मार्च २०२३)

उन्हाळा लागला, बारदाना टाकलाय. ओल मोजायचं कसं, हा प्रश्न होता. मोंढ्यात आडतीवर सोयाबीनची ओल मोजतात ते यंत्र लाकडाला चालत नाही हे कळलं. मग मी फळीचं वजनच करतोय. दर महिन्याला तीच फळी धान्याच्या काट्यावर. जुलैपासून आतापर्यंत सतत उतरतंय, पण आता महिन्याला पाव किलोच.

रंधा_पटाशी (५ मार्च २०२३)

ही सगळ्यात खरी पद्धत. वजन दोन महिने जागचं हललं नाही की लाकडानं हवेशी जुळवून घेतलं. आकडाच हवा असेल तर फळीच्या मधल्या भागातून एक ठोकळा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर तापवत राहा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. जेवढं उतरलं त्याला कोरड्या वजनानं भागा. २३० ग्रॅमचा २०० झाला तर पंधरा टक्के. सोयाबीनला बारा मागतात, टीपॉयलाही दहा-बारा ठीक. घाई करू नका. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब, तुमची सव्वादोन इंच आहे.

जालना_फॅब्रिकेशन (५ मार्च २०२३)

वाट बघतोय. पायांचं काम आलं की सांगा.

गोदाकाठ (२० ऑगस्ट २०२३)

मधे वेरूळला जाऊन आलो आणि हा धागा आठवला. दहा नंबरचं लेणं, विश्वकर्मा लेणं, त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. आत छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, एकामागं एक, लाकडी घराला असाव्यात तशाच. त्या कशाचाही भार घेत नाहीत, दगडाच्या डोंगराला फासळ्यांची गरज नाही. ज्यांनी कोरल्या त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्य असणार. खाली उभा राहून बराच वेळ वर बघत होतो.

बांधावरचा (११ फेब्रुवारी २०२४)

उशीर झाला, पण घाई केली नाही. डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही महिने वजन जागच्या जागी. ठोकळा तापवून हिशेब केला, अकरा टक्के आला. कामाला हात घातला. चिरलेलीच फळी घेतली.

साल आधीच बरीच सुटली होती. उरलेली लाकडी चमच्यासारख्या तासलेल्या तुकड्यानं काढली, पटाशी वापरली नाही, कारण तिनं पांढऱ्या लाकडात खाचा पडतात. मग पितळी ब्रश, लोखंडी नाही (काकांचं टॅनिन लक्षात होतं). सालीखालून कड उघडी झाली तेव्हा तिच्यावर लहान लहान उंचवटे होते, फांद्या फुटायच्या राहून गेलेल्या जागा. ते तसेच ठेवलेत.

सपाट करताना खरा कस लागला. आधी हाताचा रंधा चालवून बघितला, बाभळीच्या उलट्या रेषांनी पातं दोन हातांतच बोथट. मग दोन सरळ पाइपांवर सरकणारी गाडी करून त्यावर राऊटर (फिरत्या पात्यानं लाकूड तासायचं यंत्र) बसवला आणि एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त घेतलं नाही. दोन दिवस एक बाजू, दोन दिवस दुसरी. भुस्सा नाकाघशाला फार लागतो, मास्कशिवाय कुणी करू नका. आता फळी साडेतीन फूट लांब, सरासरी वीस इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. वजन वीस किलो.

आता डमरू. वाड्याच्या पडवीची एक तुळई दोन वर्षांपूर्वी बदलली होती, तिचा सागवानाचा तुकडा आईनं देवघरामागं ठेवला होता. तिला विचारून त्यातून दोन डमरू काढायचे आहेत. किती खोल बसवू? आणि रेषा कुठल्या दिशेनं?

रंधा_पटाशी (११ फेब्रुवारी २०२४)

डमरूच्या रेषा चिरेला आडव्या. म्हणजे डमरूच्या लांबीच्या दिशेनं. उलट घेतलं तर कमरेत तुटेल. खोली फळीच्या जाडीच्या निम्मी धरा, तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी नको. आधी डमरू पूर्ण करा, कडा किंचित खाली निमुळत्या. तो चिरेवर ठेवून सुरीच्या टोकानं भोवती रेघ ओढा, पेन्सिलनं नाही. आतला भाग पटाशीनं, रेघेच्या आतून सुरू करून शेवटी रेघेवर या. फेव्हिकॉल लावा, लाकडी हातोडीनं बसवा, वर एखादं सूत राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी रंध्यानं मिळवा. एक डमरू चिरेच्या टोकाजवळ, एक तोंडापासून चार इंचांवर.

तुळईचा साग आता स्थिरावलाय. याहून चांगलं लाकूड मिळणार नाही.

जालना_फॅब्रिकेशन (१२ फेब्रुवारी २०२४)

पायांचं बघा. बैठकीत लोक सतरंजीवर बसत असतील तर उंची बारा-तेरा इंच, सोफा असेल तर सोळा ते अठरा. वर चौकोनी पाइपची चौकट करा, चाळीस बाय चाळीस मिलिमीटर. महत्त्वाचं : चौकटीच्या आडव्या पट्टीत गोल भोक पाडू नका. फळीच्या रुंदीच्या दिशेनं वीस मिलिमीटर लांबट भोकं पाडा, आठ मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वॉशर, आणि इतकंच घट्ट की फळी सरकू शकेल. मधला एक बोल्ट पक्का चालेल. फळी घट्ट आवळली की पहिल्याच पावसाळ्यात ती स्वतःला फाडून घेते. लोखंड रंगवून घ्या आणि फळीशी टेकतं तिथं रबराची चकती टाका, काळा डाग पडणार नाही. बाभळीत भोक आधी गिरमिटानं पूर्ण पाडा, मेण लावून मगच बोल्ट, नाहीतर बोल्ट आत तुटतो.

बांधावरचा (१० मार्च २०२४)

डमरू बसले. खिळ्याच्या खड्ड्यात पहाटे पाच वाजता रेझिन ओतलं, आरपार दिसतं. पाय जालन्याच्या दादांनी सांगितले तसेच, आमच्या गावातल्या वेल्डरकडून, तेरा इंच. सँडपेपर साठ नंबरापासून दोनशेवीसपर्यंत, आणि एकशेऐंशीनंतर एकदा ओलं फडकं फिरवून उठलेले तंतू पुन्हा घासले.

आता शेवटचं, वर काय लावू? पीयू (पॉलियुरेथेन), चपडा (लाखेचं पॉलिश) की तेल? आमच्या घाण्यावरचं करडईचं तेल घरात आहे.

माईची_ओसरी (१० मार्च २०२४)

करडई नको. ते हवेत फार हळू घट्ट होतं, महिनोन्‌महिने चिकट राहील, वर धूळ बसेल. जवस त्यापेक्षा लवकर घट्ट होतं. कच्चं जवस लावलं तर आठवडे लागतात, म्हणून रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्या. पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून काढा, दोन दिवस थांबा, पुन्हा. असे पाच-सहा हात. शेवटी मधमाशीचं मेण. चपडा सुंदर दिसतो पण गरम कपाचा पांढरा गोल उमटतो. पीयू टिकाऊ, पण हात लावला की लाकूड लागत नाही.

जालना_फॅब्रिकेशन (१० मार्च २०२४)

माईताईंच्या सल्ल्याला एक गोष्ट जोडतो, आणि ही सगळ्यांनी वाचा. जवस तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्यात उष्णता निघते. चुरगळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेटतं. काडी लागत नाही. आमच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी कचऱ्याच्या डब्यातून धूर आला, बाजूला थिनर होतं. वेळेत बघितलं म्हणून वाचलो. फडकी तारेवर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

वेडीबाभूळ (१४ मार्च २०२४)

इतके महिने फक्त वाचत होतो. आमच्या नदीकाठाला सगळी वेडी बाभूळ माजलीय, लोक कोळसा पाडतात. तिचं होईल का असं काही?

रंधा_पटाशी (१४ मार्च २०२४)

होईल, आणि छान होईल. तिचीच जवळची जात अमेरिकेत टेक्सासकडं मेस्किट म्हणून प्रसिद्ध आहे, तिथं तिचे महागडे लाइव्ह एज टेबल बनतात. फार कमी हलणारं लाकूड आहे. अडचण रुंदीची, जाड सरळ खोड क्वचित मिळतं. मिळालं तर कोळशात जाऊ देऊ नका, तोंडाला रंग लावा आणि इथं लिहा.

बांधावरचा (१८ ऑगस्ट २०२४)

पावसाळ्यातली नोंद द्यायची ठरवली होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात डमरूजवळ मोजलं होतं, एकोणीस इंच सहा सूत. आज तिथंच वीस इंच भरतंय. दोन सूत हलली. लांबट भोकांत बोल्ट सरकल्याची खूण दिसतेय. चीर होती तिथंच आहे. पांढऱ्या कडेला एक भोक नाही, पीठ नाही.

रंग मात्र बदलला. डाळिंबी गेला, आता गुळाच्या काकवीसारखा गडद आहे.

वडील रोज सकाळी चहाची बशी खिळ्याच्या डागाशेजारी ठेवतात. दुसरीकडं ठेवली तर आई उचलून तिथं ठेवते.

माईची_ओसरी (१८ ऑगस्ट २०२४)

दादा, डोळे भरून आले. बाकीच्या फळ्यांचं काय केलं?

बांधावरचा (१८ ऑगस्ट २०२४)

मधली फाटली, काका म्हणाले तशी, तिचे पाट करतोय. किडा लागलेली फळी द्राक्षबागवाल्या भाऊंनी त्यांच्या पॅलेटसोबत तापवून आणली, तिची पांढरी कड कापून शाळेला बाक दिला. तीन चांगल्या उरल्यात. एक धाकट्या बहिणीला. दोन ढाळजेत आहेत, पट्ट्यांवर. बालाघाटी आबा, त्यातली एक तुमची. ट्रॅक्टर अंबाजोगाईकडं येणार आहे दिवाळीआधी, पत्ता कळवा.

बालाघाटी (१९ ऑगस्ट २०२४)

कळवतो. तोंडाला रंगाचा दुसरा हात दिलाय ना?

बांधावरचा (१९ ऑगस्ट २०२४)

दिलाय, आबा. तीन हात दिलेत.